संकटकाळी घर आणि गोठा



दिवसभराच्या उन्हाने शिणलेला श्रोता सायंकाळी मोकळ्या हवेत येऊन बसतो, तेव्हा त्याच्यापुढे रोगराई, महापूर आणि मेलेली जनावरे ह्यांची वर्णने मांडणे शिष्टाचाराला धरून आहे काय, असा प्रश्न आमच्या मनात आला होता. तरीही आम्ही हा विषय घेतला, ह्याचे कारण ऋतूतच आहे. अजून काही आठवड्यांनी मृग लागेल. नद्यांना पाणी येईल. मग वर्तमानपत्रांत पुराची छायाचित्रे येतील, तापाच्या साथीच्या बातम्या येतील, आणि तहान लागल्यावर विहीर खणावयाचा आपला वार्षिक उद्योग सुरू होईल. विहीर खणावयाची तर ती वैशाखात.

आमचा मुद्दा थोडक्यात असा आहे. माणसाच्या आरोग्याचा विचार करणारे लोक वेगळे, जनावरांच्या आरोग्याचा विचार करणारे वेगळे, आणि आपत्तीशी झुंजणारे तिसरेच, अशी आपण कामाची वाटणी केली आहे. एरवी ती चालून जाते. परंतु पूर, भूकंप किंवा दुष्काळ आला की ह्या तीन खात्यांच्या मधल्या भिंती पाणी पाहत नाही, उंदीर पाहत नाही आणि पिसूही पाहत नाही. त्या भिंती दिसतात त्या फक्त आपल्याला. ह्या तिघांनी एकत्र काम करावे ह्या विचाराला आज जगभर ‘वन हेल्थ’ म्हणतात. आपण त्याला ‘एकात्म आरोग्य’ म्हणू.

आपण शहरवासी मंडळी म्हणाल की, जनावरे हा खेड्यांचा प्रश्न. तसे नाही. 2019 सालच्या पशुगणनेत देशातील पशुधन 53 कोटींहून अधिक भरले. त्यात शहरातील उंदीर, घुशी आणि मोकाट कुत्री मोजलेली नाहीत. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी शेकडा साठ मुळात प्राण्यांकडून आलेले आहेत, असे ह्या विषयातील आंतरराष्ट्रीय संस्था सांगतात. तेव्हा ज्याच्या घरी गाय नाही त्याचाही गोठ्याशी संबंध आहेच.

प्रथम पुराचे उदाहरण घेऊ. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पाणी चढले, माणसे अडकली, बुडाली, दरडी कोसळल्या. तबेल्यांतील म्हशी आणि शेळ्यामेंढ्या हजारोंनी मेल्या. हा सारा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण आपत्तीचा दुसरा अंक पाणी ओसरल्यावर सुरू झाला. ऑगस्टमध्ये रुग्णालये तापाच्या रुग्णांनी भरून गेली आणि त्यांतील पुष्कळांना लेप्टोस्पायरोसिस झाल्याचे आढळले.

हा रोग होतो कसा ते पाहा. त्याचे जंतू मळसूत्रासारखे असतात. ते उंदीर, कुत्रे, गुरे, डुकरे ह्यांच्या मूत्रपिंडांत राहतात आणि मूत्रावाटे बाहेर पडतात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात ते पुष्कळ दिवस तग धरतात. पायाला भेग असली, खरचटलेले असले, की त्या वाटेने ते शरीरात शिरतात. आधी ताप आणि अंगदुखी, पिंढऱ्या विशेष दुखतात, डोळे लाल होतात. आणि हयगय झाली तर कावीळ, मूत्रपिंडांचा बिघाड, क्वचित फुप्फुसातून रक्तस्राव. आडोल्फ वाइल ह्या जर्मन वैद्याने 1886 साली ह्या रोगाच्या उग्र प्रकाराचे वर्णन केले, आणि इनादा व इदो ह्या जपानी शास्त्रज्ञांनी 1915 च्या सुमारास त्याचा जंतू शोधून काढला. म्हणजे ह्यात गूढ असे काही उरलेले नव्हते.

आता हे ज्ञान कोणाकोणापाशी विखुरलेले होते ते पाहू. उंदीर कोठे वाढले आहेत हे महापालिकेच्या मूषक विभागाला ठाऊक. गाई-म्हशी गाभडतात त्याच्या अनेक कारणांत हा जंतूही आहे, हे पशुवैद्याला ठाऊक. पाणी कोठे किती दिवस साचले हे मलनिस्सारण खात्याला ठाऊक. तापाचा रुग्ण कोठल्या वस्तीतून आला हे रुग्णालयाला ठाऊक. चार माणसांच्या हातांत एकाच नकाशाचे चार तुकडे होते. ते एका मेजावर जोडले गेले तर ज्या वस्तीत पाणी, उंदीर आणि अनवाणी पाय तिन्ही आहेत तेथे ताप येण्याआधीच पोहोचता येते. डॉक्सिसायक्लिन नावाचे साधे, स्वस्त औषध आहे. धोका पत्करलेल्या माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्याने ते वेळेवर दिले तर रोग पुष्कळ अंशी टळतो. केरळात ऑगस्ट 2018 चा महापूर ओसरल्यावर चिखल उपसणाऱ्यांना ह्या गोळ्या देण्याची मोहीम सरकारने हाती घेतली. तरी तेथेही रोग आला. मोहिमेमुळे निदान ह्या शत्रूचे नाव आधी माहीत होते. ओरिसात ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळानंतर हाच रोग संशोधकांना सापडला होता. अर्थात पूर आणि हा ताप ह्यांची सोबत आपल्याला नवी नाही. नवे आहे ते इतकेच की, आपण दर वेळी ती नव्याने शोधतो.

पुराप्रमाणे भूकंपाचेही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या झोपेत असलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांवर दगडमातीची घरे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1994 मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला ह्या गावात पिसवांचा उपद्रव सुरू झाला, उंदीर मरू लागले, आणि मग माणसांच्या जांघेत व काखेत गाठी दिसू लागल्या. पाव शतकाहून अधिक काळ देशात ज्याचे नाव ऐकू आले नव्हते तो प्लेग आल्याची नोंद झाली. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची आवई उठली. लाखो लोकांनी शहर सोडले, औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिन संपले, परदेशांनी आपली विमाने आणि आपला माल अडविला. देशात पन्नासांहून अधिक माणसे दगावली. आणि भीतीने झालेली हानी त्याहून कितीतरी पटींनी मोठी होती.

ह्या दोन घटनांचा दुवा जोडताना तज्ज्ञांनी जे स्पष्टीकरण पुढे ठेवले ते असे. भूकंपाच्या धास्तीने लोक घरांतून बाहेर राहू लागले. पडक्या आणि ओस घरांत धान्य तसेच राहिले. उंदरांना अन्नही मिळाले आणि निवाराही मिळाला, ते वाढले. रानातल्या उंदरांत मुरून राहिलेला रोग गावच्या उंदरांत आणि तेथून पिसवांमार्फत माणसांत आला. ह्या साखळीतील प्रत्येक कडी न्यायालयात शाबीत करता येईल असे नाही, आणि त्याविषयी वादही झाले आहेत. परंतु भूकंपग्रस्त भागात ढिगाऱ्याखालील धान्य हा पुनर्वसनाचाच नव्हे, आरोग्याचाही प्रश्न आहे, एवढे त्यावरून उघड होते. पुनर्वसनाच्या कागदांत घर येते, रस्ता येतो, शाळा येते. उंदीर कोणत्या रकान्यात लिहावयाचा?

आमच्या जुन्या पिढीला तो रकाना ठाऊक होता. ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द ऐकताच माणसे गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. त्यांना जंतुशास्त्र येत नव्हते, पण उंदराचे मरण ही माणसाच्या मरणाची आगाऊ वर्दी आहे हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. शास्त्राला तेथे पोहोचावयास वेळ लागला. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. हाफकिन ह्यांनी काही महिन्यांतच लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पिसू हा दुवा मात्र पोल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली कराचीत दाखवून दिला, आणि त्यावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसावयास आणखी काही वर्षे गेली.

ह्या मधल्या काळात पुण्यात काय घडले ते आम्ही सांगावयास नको. सोल्जर घरात शिरले. सामान जाळले गेले. बायकामाणसांची तपासणी झाली. देवघराचा मान राहिला नाही. परिणाम असा झाला की लोकांनी रोगी लपविले आणि प्रेते लपविली. अखेर 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून पुत्र यशवंत ह्यांच्या दवाखान्यात नेत होत्या. 10 मार्च 1897 रोजी त्या त्याच रोगाने गेल्या. एकाच रोगाशी लढण्याच्या ह्या दोन रीती. एका रीतीत सत्ता होती आणि विश्वास नव्हता. दुसऱ्या रीतीत सत्तेचा लवलेश नव्हता, पण रोगी आपण होऊन हात पुढे करीत होता. सहकार्य ह्या शब्दाचा अर्थ केवळ दोन खात्यांतील पत्रव्यवहार असा आपण घेऊ लागलो, तर 1897 चे वर्ष आपण विसरलो असे होईल. सहकार्य प्रथम सरकार आणि माणूस ह्यांत हवे; खात्याखात्यांतील नंतर.

ह्याची परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत होत असते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगा ह्यांना महापूर आला. सांगली, कोल्हापूर भागात बोटी घेऊन बचावपथके गावोगाव गेली. पुष्कळ ठिकाणी शेतकरी म्हणाला, “माणसांना न्या, मी गुरांपाशी थांबतो.” शहरातील माणसाला हा अडाणीपणा वाटला. आम्हांला तो तसा वाटत नाही. दोन दुभत्या म्हशी हे त्याचे बँकेतले खाते आहे, मुलीचे लग्न आहे, पुढच्या वर्षाची पेरणी आहे. आणि शिवाय ज्या मुक्या जीवाला रोज हाताने वैरण घातली तो दाव्याला बांधलेला असताना आपण बोटीत बसावे हे त्याच्या मनाला पटत नाही. त्याला “जीव महत्त्वाचा की म्हैस?” असे विचारणे सोपे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर पुराच्या दिवशी त्याच्याकडून मागणे हाच अन्याय आहे. म्हशीची सोय पाणी चढण्याच्या आधी केली असती तर हा प्रश्न उभाच राहिला नसता.

अन्य देशांनी हे शिकण्यासाठी फार मोठी किंमत मोजली. 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसे नेली. पुढे स्वतंत्र बांगलादेशाने किनाऱ्यावर माणसांसाठी पक्के निवारे बांधले. त्याचबरोबर गुरे चढवून ठेवता येतील असे मातीचे उंच टेकाड उभारले, ज्यांना तेथे ‘किल्ला’ म्हणतात. गुरे सुरक्षित आहेत हे दिसले की मनुष्य घर सोडावयास तयार होतो, हे त्या गरीब देशाने ओळखले. श्रीमंत अमेरिकेला तोच धडा ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळात मिळाला. कुत्र्या-मांजरांना बरोबर नेऊ देत नाहीत म्हणून कितीतरी लोक न्यू ऑर्लिन्समध्ये घरांतच थांबले. पुढच्याच वर्षी, 2006 साली, तेथील काँग्रेसने कायदा केला की स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचाही विचार झालाच पाहिजे. म्हैस असो की कुत्रे, तत्त्व एकच आहे. ज्या योजनेत जनावराला जागा नाही त्या योजनेतून माणूसही निसटतो.

दुष्काळात आपण हे तत्त्व थोडेफार पाळतो, ही समाधानाची गोष्ट. चारा-छावणी ही आपल्या महाराष्ट्राने रुळविलेली संस्था आहे. 2012-13 च्या दुष्काळात बीड, सोलापूर भागातील छावण्यांत हजारो गुरे होती, आणि त्यांच्यासोबत घरातले कोणीतरी माणूसही ताडपत्रीखाली मुक्कामाला होते. पण ज्या क्षणी हजार गुरे आणि शेकडो माणसे एका माळावर येतात त्या क्षणी छावणी हे एक नवे गाव होते. त्या गावाला पिण्याचे पाणी कोठले? शेणमुताचा निचरा कोणीकडे? लाळ-खुरकताची लस आत येण्याआधी टोचली की नंतर? छावणीचा हिशेब चाऱ्याच्या किलोंत होतो, आणि तो व्हावाच. परंतु पशुवैद्य आणि आरोग्यसेविका ह्यांची फेरी एकाच दिवशी, एकाच नोंदवहीत झाली तर त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

आता एका गैरसमजाकडे वळू. आपत्तीनंतर सर्वांत मोठी भीती प्रेतांची असते. प्रेते कुजतील, साथ पसरेल, म्हणून घाईघाईने, ओळख न पटविता, सामुदायिक विल्हेवाट लावली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितले आहे की, आघाताने किंवा बुडून मेलेल्या माणसाच्या प्रेतापासून साथ पसरण्याचा संभव फार थोडा असतो. साथ पसरते ती जिवंत माणसांच्या गर्दीतून, दूषित पाण्यातून आणि शौचाच्या गैरसोयीतून. तेव्हा पहिला ट्रक प्रेतांसाठी पाठवावा की पाण्यासाठी, असा प्रश्न पडला तर उत्तर पाणी हे आहे. मृतांना त्यांचे नातेवाईक भेटावेत, एवढा अवधी देणे ही माणुसकी आहे आणि तिच्यात धोका नाही.

मेलेल्या जनावरांच्या बाबतीत मात्र थोडा विवेक करावा लागतो. ती विहिरीत, ओढ्यात पडून राहिली तर पाणी नासते. म्हणून पाण्यापासून दूर, उंच जागी, खोल खड्ड्यात पुरणे योग्य. आणि ज्या गावात फाशी ह्या रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, पूर्वेतिहास आहे तेथे तर दुप्पट सावधगिरी हवी. ह्या रोगाचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. पूर त्यांना वर आणतो. दुष्काळात गुरे आखूड गवत मुळापर्यंत कुरतडतात, तेव्हा मातीबरोबर ते पोटात जातात. जनावर अचानक मेले, नाका-गुदद्वारातून काळपट रक्त आले, तर ते फाडू नये, त्याचे कातडे काढू नये, मांस खाऊ नये. शव उघडले की हवा लागून बीजाणू तयार होतात आणि सोलणाऱ्याच्या हातावर काळपुळी उठते. येथे पशुवैद्याचे एक वाक्य माणसाचा जीव वाचविते. पण ते वाक्य ऐकविण्यासाठी पशुवैद्य त्या दिवशी गावात असावा लागतो, आणि कातडे सोडून देणाऱ्याला त्याची भरपाई मिळेल असा भरवसाही द्यावा लागतो. भुकेल्या माणसाला नुसता उपदेश पचत नाही.

इतका वेळ आम्ही संकटेच सांगितली. एकत्र काम केले तर काय साधते ह्याचेही दाखले आहेत, आणि त्यांतील सर्वांत थोर दाखला पुण्यात सुरू होतो. 1889 साली पुण्यात गुरांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. 1893 साली ती हिमालयातील मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच आज इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. तिच्यापुढचा मुख्य शत्रू होता बुळकांडी. हा रोग माणसाला होत नाही, तरी त्याने माणसे किती मारली ह्याला गणती नाही. 1880 च्या दशकाच्या अखेरीस तो आफ्रिकेत इथिओपियात शिरला, नांगराचे बैल मेले, शेती पडली, आणि दुष्काळात तेथील सुमारे एक-तृतीयांश लोक गेले असे इतिहासकार मानतात. आपल्या देशात 1954 साली बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लस शास्त्रज्ञांनी केली. पण ती गावोगाव, बाजारोबाजार, धनगरांच्या वाड्यावाड्यांवर टोचली ती तालुक्याच्या पशुवैद्यांनी, आणि “बैल बसला” ही बातमी आधी दिली ती शेतकऱ्यांनी. 1995 नंतर देशात हा रोग दिसला नाही. 2006 साली भारत मुक्त जाहीर झाला आणि 2011 साली सारे जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग.

दुसरा दाखलाही पुण्याशीच निगडित आहे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासानूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, मेलेली माकडे, गोचिडी आणि रुग्णांचे रक्त एकत्र तपासले आणि नवा विषाणू हुडकला. जंगल, पशू आणि माणूस एकाच वेळी तपासले म्हणून ते शक्य झाले. हाच माकडताप 2016 साली सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात येऊन पोहोचला. तेथे मेलेले माकड प्रथम कोणाला दिसते? वनरक्षकाला, किंवा काजूच्या बागेत गेलेल्या बाईला. ती बातमी आरोग्यकेंद्रात आठ दिवसांनी पोहोचली की आठ तासांत, ह्यावर पुढचे सारे अवलंबून.

2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आला, देशात प्रथमच. पशुसंवर्धन खात्याने लाखो कोंबड्या नष्ट केल्या आणि आरोग्य खात्याने त्याच वेळी त्या परिसरातील माणसांचा ताप तपासला. एकाही माणसाला रोग झाला नाही. मात्र ज्यांचे धंदे बसले त्यांचे दुःख आपण फार लवकर विसरलो, हेही येथे नमूद केले पाहिजे. सर्वांच्या रक्षणासाठी एखाद्याचे कोंबड्यांचे खुराडे रिकामे करावयाचे असेल तर त्याची किंमत सर्वांनी मिळून दिली पाहिजे. तसे झाले नाही तर पुढच्या वेळी तो बातमी दडवील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो. माणसांच्या रुग्णालयातच खाटा अपुऱ्या, मग जनावरांच्या कौतुकाला पैसा कोठून? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. आम्ही जनावरांसाठी माणसाच्या ताटातले मागत नाही. आम्ही म्हणतो ते इतकेच की, पावसाळ्यापूर्वी गुरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचणे, मोकाट कुत्र्यांना रेबीजची लस देणे, उंदरांची बिळे बुजविणे, हा खर्च लहान आहे. तो चुकविल्यावर रुग्णालयात होणारा खर्च मोठा आहे, आणि रुग्णाला तो दामदुपटीने द्यावा लागतो.

दुसरी अडचण खात्यांच्या स्वभावाची आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2005 साली झाला. त्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले. त्यात पोलीस प्रमुख आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ह्यांचे स्थान कायद्यानेच ठरविले. पशुसंवर्धन अधिकाऱ्याचे नाव मात्र तेथे घातलेले नाही. राज्य सरकारने नेमावयाच्या इतर दोन अधिकाऱ्यांत तो बसला तर बसला. ही त्रुटी लहान दिसते. पण मेजाभोवती ज्याला खुर्ची नाही त्याची बातमी मेजावर येत नाही. त्याच वेळी आपल्या जिल्हा परिषदेकडे पाहा. 1962 पासून आरोग्य आणि पशुसंवर्धन ही दोन्ही खाती तिच्या एकाच छपराखाली आहेत. जिना एक, व्हरांडा एक. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याला नवा कायदा लागत नाही, नवे अनुदान लागत नाही. जावेसे वाटावे लागते.

2022 साली ह्याच विचाराच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी नागपुरात झाली. त्याच वर्षी अन्न, आरोग्य आणि पशुस्वास्थ्य ह्यांच्या तीन जागतिक संस्थांनी पर्यावरणाच्या चौथ्या संस्थेला आपल्या बैठकीत सामील करून घेतले. ह्या गोष्टी स्वागतार्ह आहेत. तरी पूर येतो तो नागपुरात किंवा जिनिव्हात ठरवून येत नाही. तो अमुक गल्लीत, अमुक वाडीत येतो. म्हणून आमच्या सूचना गल्लीच्या आणि वाडीच्या आहेत.

नदीकाठच्या प्रत्येक गावाने मृगापूर्वी माणसांप्रमाणे जनावरांचीही यादी करावी, आणि पाणी अमुक खुणेला लागले की गुरे कोणत्या उंच माळावर, कोणाच्या हवाली जावयाची हे लिहून ठेवावे. वेळ अगदीच हाताबाहेर गेली तर निदान दावी सोडावीत; बांधलेले जनावर बुडते, सुटलेले पुष्कळदा पोहून निघते. पोलीसपाटील, आशा कार्यकर्ती, पशुधन पर्यवेक्षक आणि वनरक्षक ह्यांनी आठवड्यातून एकदा एकमेकांना तीनच प्रश्न विचारावेत: कोणते जनावर अकारण मेले, कोणाला ताप आला, पाणी कोठे नासले. आणि शहरात आपण काय करावे? पुराच्या पाण्यातून अनवाणी चालू नये. चाललो आणि पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना ते आपण होऊन सांगावे. गल्लीत एकाएकी उंदीर मरून पडू लागले तर नाकाला पदर लावून पुढे न जाता महापालिकेला कळवावे. अन्नाची घाण रस्त्यावर टाकून उंदरांची आणि कुत्र्यांची पंगत मांडू नये. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला ह्या पावसाळ्यापूर्वी एकच विचारावे की, पूर आला तर आमच्या वॉर्डातील तबेल्याचे काय ठरले आहे? त्याला उत्तर ठाऊक नसेल. पण तीन माणसांनी विचारले तर तो ते शोधील.

आपल्या संस्कृतीत पोळ्याला बैलाची पूजा आहे, वसुबारसेला गाय-वासराची, आणि नागपंचमीला नागाचीही. मनुष्य एकटा जगत नाही हे आपल्या पूर्वजांनी सणांत गुंफून ठेवले. पूजा आम्ही सोडावी असे नाही. पण श्रावणात ज्याच्या शिंगांना बेगड लावावयाची त्या बैलाला आषाढाच्या पुरात कोणी कोठे न्यावयाचे, हे ज्येष्ठातच ठरलेले असावे. एवढे ह्या वर्षी झाले, निदान एका गावात झाले, तर आपण आमचे हे नीरस बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत त्याचे सार्थक होईल.